पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र : साहेब दुपारी येतात, काजळी रात्री पडते

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आमचा महिला बचत गट आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी, पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि गच्चीवर उन्हात घालायची. सोलापुरातल्या दुकानांत आमचा माल जातो. जात होता, असं आता म्हणावं लागेल. परवा एका दुकानदाराने सगळी खोकी परत पाठवली. फोनवर म्हणाला, "ताई, ज्वारीच्या भाकरीला काळे तीळ कधीपासून लावायला लागलात?"

तीळ नव्हते ते. गावालगतच्या साखर कारखान्याच्या धुराड्यातून पडलेली काजळी होती. हंगाम सुरू झाला की रात्री दहा-अकरानंतर ती पडायला लागते. पहाटे आम्ही गच्ची धुतो, पुसतो. पण लिंबाच्या झाडावर, शेजारच्या पत्र्यांवर बसलेली काजळी ऊन चढून वारा सुटला की उडते आणि वाळत घातलेल्या भाकरीवर येऊन बसते. वरून कापड टाकलं तर भाकरी कडक होत नाही, मऊ पडते, चार दिवसांत वास मारते. आता मला सांगा, काय करायचं?

तक्रार केल्यावर तुमच्या खात्याचे एक अधिकारी गावात आले होते. चावडीसमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "रात्री येऊन तपासणी करतो, कुणालाही न कळवता." बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेब आले ते भर दुपारी, कारखान्याच्याच गाडीतून. अहवालात लिहिलंय, 'भेटीच्या वेळी धुराड्यातून काजळी पडताना आढळली नाही.' बरोबरच आहे. दुपारी ती नव्हतीच. साहेबांचं निरीक्षण अचूक आहे, फक्त घड्याळ चुकलं.

गावातली पोरं सांगतात, रात्री धूर धुणारी यंत्रणा बंद ठेवतात, वीज आणि पाणी वाचतं. खरं की खोटं, हे मी बाहेर उभी राहून कसं सांगणार? ते तपासायलाच तर तुमचं खातं आहे.

आणि तक्रार गुप्त राहते म्हणतात, तेही ऐका. मी सरकारच्या तक्रार पोर्टलवर नाव आणि मोबाईल नंबर टाकून तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा माणूस, दारात. "वहिनी, तक्रार तुमचीच ना? यंदा तुमच्या तोडीचं जरा अवघड दिसतंय." मुंबईत बसून कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. आमचा दोन एकर ऊस त्याच कारखान्याला जातो. तोड कुणाला कधी द्यायची हे कारखान्याचं शेती खातं ठरवतं. तोड लांबली की उसाला तुरे येतात, आतून पोकळ पडतो, वजन घटतं, आणि वर ऊस तोडणारे टोळीवाले खुशाली म्हणून जादा पैसे मागतात ते वेगळेच. आमच्या घरात त्या दिवसापासून रोज तेच भांडण. मालक म्हणतात, तुझ्या भाकरीपायी माझा ऊस वाळेल. सासूबाई म्हणतात, ऊस गेला तर खायचं काय. मी म्हणते, भाकरी गेली तर? माझ्या गटात विधवा आहेत, टाकून दिलेल्या आहेत, त्यांच्याकडे ऊसही नाही. पोर्टलवरचा माझा नंबर त्या चिटबॉयपर्यंत कुणी पोचवला, याची चौकशी कोण करणार? ज्याने पोचवला तोच?

थोडा कायदा मीही वाचलाय. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात धुराचा नमुना घेताना कारखान्याला नोटीस द्यायची, ती जागच्या जागी. आदल्या दिवशी फोन करून 'उद्या येतो' सांगा, असं कुठल्या कलमात लिहिलंय? साखर कारखान्याच्या धुराड्यातून घनमीटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण सुटता कामा नयेत, हा २०१६ चा नियम. ते मोजायला धुराड्यावर यंत्र बसवलेलं असतं, आकडे ऑनलाइन थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. फार छान. पण ते यंत्र विकत कोण घेतं? कारखाना. दुरुस्तीचा ठेका कोण देतो? कारखाना. वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं, तेही कारखान्यानेच स्वतःबद्दल लिहून. अटी बसल्या तर संमतीपत्राचं, म्हणजे कारखाना चालवायला मंडळाने दिलेल्या परवानगीचं, नूतनीकरणसुद्धा स्वयंघोषणेवर होतं. आमच्या पोरांना दहावीचे पेपर स्वतःच तपासू द्या, जिल्ह्याचा निकाल शंभर टक्के लागेल.

आम्हाला मात्र स्वयंघोषणा चालत नाही. अन्न नोंदणीचे वर्षाला १०० रुपये भरतो, कागद भिंतीवर लावलाय. उद्या अन्न खात्याचा माणूस आला आणि भाकरीवर काळं दिसलं, तर नोटीस कुणाला? मला. काजळी कुणाची, हे तो विचारणार नाही, त्याचं ते खातंच नाही.

आणि शिक्षा? पूर्वी पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. कुणी आत गेल्याचं आमच्याकडे तरी ऐकलं नाही, पण लिहिलेली होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तीही गेली, आता १० हजार ते १५ लाख दंड. विश्वास नेमक्या कुठल्या जनांचा, हे एकदा सांगा. आमचा विचारलेला आठवत नाही.

जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने, राज्यात सर्वांत जास्त. शिवाय १३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, होटगीकडचे सिमेंट कारखाने, अक्कलकोट रोड आणि चिंचोळीची एमआयडीसी. या सगळ्यावर नजर ठेवायला तुमची माणसं किती? देशभरातल्या प्रदूषण मंडळांत निम्म्याच्या आसपास पदं रिकामी आहेत म्हणे. सोलापूर शहर २०१९ मध्येच केंद्राच्या शुद्ध हवा कार्यक्रमात घेतलं. म्हणजे हवा खराब आहे हे सरकारनेच मान्य केलंय. त्या कार्यक्रमाचे देशभरातले ६४ टक्के पैसे २०२४ पर्यंत रस्त्यावरच्या धुळीवर गेले, उद्योगांच्या धुरावर एक टक्कासुद्धा नाही. धूळ गरीब असते, तिला झाडू मारता येतो. धुराड्याला चेअरमन असतो, चेअरमनला पक्ष असतो, आणि पक्ष बदलला तरी चेअरमन तोच असतो. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचा कायदा १९६६ पासून आहे, तोही आम्ही बघतोच आहोत. कायदे तुमचे आणि कारखानेही तुमच्यातल्यांचेच, मग कोण कुणाला विचारणार?

मागणं मोठं नाही. या हंगामातले रात्री दहा ते पहाटे पाचचे धुराड्याचे आकडे आम्हाला द्या. संमतीपत्रातल्या अटी मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तपासणी रात्री करा, तुमच्या स्वतःच्या गाडीने या, आणि पंचनाम्यावर गटातल्या दोन बायांच्या सह्या घ्या. परत आलेल्या मालाचे पैसे मागत नाही, ते कुणी देणार नाही हे माहीत आहे.

उत्तर पाठवायचं तर पोर्टलवर टाका, माझा नंबर तुमच्याकडे आहेच. चिटबॉयच्या हाती पाठवू नका.

आपली,
एका महिला बचत गटाची अध्यक्ष,
जि. सोलापूर

(नाव लिहीत नाही. आमचा ऊस अजून तुटायचा आहे.)