आई, बाबा, यंदा मार्चमध्ये परत येत नाहीये

प्रिय आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आई रडते, मग मी रडते, मग बाबा फोन हातात घेऊन "बरं, जेवलीस का" विचारतात आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून.

आधी तेच सांगून टाकते. मी अजून तीन वर्षं इथे जपानात, फुकुशिमातच राहणार आहे, किरणोत्सार मोजायच्या ह्याच कामावर. गेल्या मंगळवारी करारावर सही केली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला, पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते "तुला योग्य वाटेल ते कर", आणि तेवढं ऐकून मी सगळं सोडून आले असते. आई, तू माझ्या खोलीला रंग काढून घेतलास, वहिनीने फोटो पाठवला. तो फोटो आल्यावर दोन दिवस मला काही सुचत नव्हतं. खोली बंद ठेवू नकोस, तिथे झोप दुपारची, हवा चांगली येते.

तू मागे विचारलं होतंस ना की २०११ ला जे व्हायचं ते झालं, आता चौदा वर्षांनी काय मोजायचं राहिलंय. तेव्हा मी घाईत "असतं ग काहीतरी" म्हणाले, ते चुकलंच. नीट सांगते आता. ११ मार्चला भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत इथल्या अणुवीज प्लांटमधून जे किरणोत्सारी बाहेर पडलं त्यात आयोडीन होतं, ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे काही महिन्यांत संपलं. सीझियम मात्र दोन प्रकारचं पडलं, जवळजवळ सारखंच. त्यातलं पहिलं दर दोन वर्षांनी निम्मं होतं, ते आता नावालाच उरलंय. दुसऱ्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. म्हणजे तेव्हा शंभर पडलं असेल तर त्यातलं सत्तरच्या वर अजून शिल्लक आहे. पहिली काही वर्षं आकडे भराभर उतरले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता झालंच, पण आता ते हळूहळू उतरणारं उरलंय, आणि हळू उतरणारं मोजायला माणसाला हळूच जावं लागतं, वर्षानुवर्षं, त्याच जागी.

माझी सगळ्यात जास्त जाणं-येणं असलेली जागा म्हणजे इताते. प्लांटपासून साधारण चाळीस किलोमीटर, वर डोंगरात. सुरुवातीला नकाशावर कंपासने गोल काढावा तसे धोक्याचे वीस किलोमीटर, तीस किलोमीटर ठरवले होते, आणि हे गाव बहुतेक सगळं त्या गोलाच्या बाहेर. किनाऱ्यावरची माणसं आसऱ्याला इथे आली, गावाने त्यांना जेवू घातलं. पण १५ मार्चला वारा वायव्येला वळला, वर पाऊस-बर्फ पडलं, आणि हवेतलं बरंच काही ह्यांच्या शेतात उतरलं. गाव रिकामं करायचं जाहीर झालं २२ एप्रिलला, म्हणजे महिन्याहून जास्त दिवस ही माणसं तिथेच होती, मुलंबाळं घेऊन. बाबा, हे वाचल्यावर तुम्हाला कळेल मी इथे का अडकलेय. त्या गोलाला वारा माहीत नव्हता.

तिथे एका आजींच्या अंगणात मोजायच्या जागेची खूण म्हणून आमचा एक खुंट आहे, लाल पट्टी बांधलेला, पर्सिमॉनच्या झाडाजवळ. २०१७ ला बहुतेक गाव उघडलं तेव्हा त्या परतल्या, मुलगा-सून नाही आले. मी गेले की किरणोत्सार मोजायचं मीटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळते (माती लागली तर मीटरच चुकीचं दाखवायला लागेल), जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर धरते, हात लांब करून, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट थांबते, मग दहा-दहा सेकंदांनी पाच वेळा आकडा लिहिते. प्राथमिक शाळेत हेच पन्नास सेंटिमीटरवर करतात, कारण मुलं तेवढीच उंच. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला तुमचं दाराच्या चौकटीवर पेन्सिलने माझी उंची लिहिणं आठवलं आणि मी तिथेच उभी राहिले. अजून आहेत का त्या खुणा? आई, रंगाऱ्याने घालवल्या नाहीत ना?

अंगणात आकडा आता कमी असतो, कारण तिथली वरची पाच-एक सेंटिमीटर माती खरवडून नेलीये. पण घरामागच्या झाडीत वीस मीटरपर्यंतच साफसफाई झालीये, त्यापुढे आत गेलं की आकडा चढायला लागतो. जिल्ह्याचा सत्तर टक्के भाग जंगल आहे, सगळं कोण खरवडणार. सीझियम आधी पानांवर होतं, पानं गळली, कुजली, आता ते वरच्या मातीत चिकणमातीला घट्ट धरून बसलंय. रानातले मश्रूम आणि कोशिआबुराचे (रानातलं एक झाड, त्याची भाजी करतात) कोंब ते उचलतात. आजी दर वसंतात ओंजळभर कोंब घेऊन गावातल्या तपासणी केंद्रात जातात, किलोला शंभर बेकरेल (किरणोत्साराचं माप) ही विकायच्या अन्नाची मर्यादा आहे, त्याच्या आत असेल तरच त्या खातात. ह्या वर्षीही आकडा शंभरच्या वर आला. त्यांनी कागदाची घडी घातली, ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाल्या, पुढच्या वर्षी तूच येशील ना? सही त्याच्या आधीच ठरली होती असं मी म्हणणार नाही. त्या प्रश्नानंतरच ठरली.

आणि दुसरं कोणी करू शकत नाही का, असं दादा म्हणाला. करू शकतं. पण नवीन माणूस आला की खुंट कुठला, गेल्या वर्षी झाड तोडलं होतं का, रस्त्यावर नवीन खडी टाकली का, हे त्याला कळायला दोन वर्षं जातात, आणि मग आकडा बदलला तर जमीन बदलली की माणूस बदलला हेच समजत नाही. साधं पावसाचं घ्या, पाऊस सुरू झाला की मीटर चढतं, नवीन पोरं घाबरतात, पण ते हवेतल्या नैसर्गिक रेडॉन वायूचं असतं, पावसाबरोबर खाली येतं आणि तास-दोन तासांत उतरतं. उलट बर्फ साचलं की आकडा खाली जातो कारण जमीन झाकली जाते, तेव्हा कमी झालं म्हणून खूश व्हायचं नसतं. हे बघून बघूनच कळतं. २०१८ मध्ये तर इथले तीन हजारांपैकी २४०० मॉनिटरिंग पोस्ट काढून टाकायचं सरकारी पातळीवर ठरलं होतं, ते पांढरे खांब, सोलर पॅनलवाले, शाळेत-बागेत उभे असतात आणि आकडा दाखवतात. आकडे कमीच येतात मग कशाला, असं म्हणणं होतं. लोकांनी, मुलांच्या आयांनी विशेषतः, होऊ दिलं नाही. पुढच्या वर्षी तो बेत मागे घेतला. मला त्या आयांचं पटतं. कमी आहे हे सुद्धा रोज कोणीतरी दाखवावं लागतं तेव्हाच रात्री झोप लागते.

आता माझं. बाबा, काळजी करू नका. गळ्यात अंगावर पडणारी किरणं मोजणारा बॅज असतो, तो दर महिन्याला तपासायला जातो, आणि गेल्या अख्ख्या वर्षाचा माझा आकडा एक मिलीसीव्हर्टच्याही (शरीराला मिळालेल्या किरणांचं माप) आत आहे. तुमच्या पोटाचा सीटी स्कॅन काढला होता ना, त्या एकाच स्कॅनमध्ये तुम्हाला ह्यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं. मी राहते मिनामिसोमाला, तिथे सगळं साधं चालू आहे, दुकानं, शाळा, बस. खोलीत हीटर आहे, जाड रजई आहे, आईने विणलेला तो चॉकलेटी स्वेटर कोपरावर विरलाय पण मी तोच घालते. तूरडाळ टोकियोहून मागवते. भात इथलाच खाते, बिनधास्त. अनेक वर्षं पोतं न् पोतं मोजत होते हे लोक, इतकं तपासलेलं धान्य मी आयुष्यात खाल्लं नसेल. शनिवारी मोकळी असते. एकटं वाटतं का, तर वाटतं, खोटं कशाला बोलू, पण रडत बसत नाही.

आता तुमचं. बाबा, दादाने मला तुमच्या बीपीच्या डायरीचे फोटो पाठवलेत. सगळे आकडे इतके छान कसे? मावशी म्हणाली तुम्ही जास्त आलं की लिहीतच नाही, "आज जिना चढून आलो म्हणून आलं असेल" म्हणून सोडून देता. हे वाचून मला इतकं वाईट वाटलं, कारण मी इथे परक्यांच्या अंगणात एकेक आकडा लिहिते, नकोसा असला तरी लिहिते, आणि माझ्या बाबांचे आकडे गाळलेले. असं नका ना करू. सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून. डावाच हात, दर वेळी डावाच, छातीच्या उंचीवर. दोनदा घ्यायचं, दोन्ही लिहायचे, जे येईल ते. रागावत नाहीये, पण लिहाच. आणि आई, तू त्यांच्या बाजूने बोलू नकोस. तुझ्या गुडघ्याचे व्यायाम बंद झालेत तेही मला कळलंय. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा, टीव्ही बघताना केलेस तरी चालतील. रात्री बाथरूमचा लाइट चालू ठेवून झोपा, बिल मी भरते. लोणचं कमी. दोघांनीही.

मार्चमध्ये कायमची येणार होते ते जमलं नाही, पण जानेवारीच्या मध्यापासून वर डोंगरात बर्फ असतं, जमीन झाकलेली असली की आमचं मोजणं थांबतं, तेव्हा पाच आठवडे येतेय. तिकीट काढलंय, दादाकडे पाठवलंय. आल्या आल्या आधी डायरी बघणार आहे, बाबा, मग जेवायला बसणार. तेव्हा आजपासूनचे सगळे आकडे पाहिजेत, मोठे असले तरी. पेन संपलं असेल तर माझ्या टेबलाच्या डाव्या खणात निळी आहेत, डबाभर.

तुमची,
चिमी