बाबांचा कॉम्प्युटर उघडण्याआधी

मस्कत,
१८ जुलै

चि. सौ. शुभास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर धड काहीच बोलता आलं नाही. पेडण्याच्या घरी रेंज ये-जा करत होती, आई आणि बाबा एकदम बोलत होते, आणि तू कुडाळहून मध्ये आलीस तेव्हा माझी ड्यूटीची वेळ झाली. आमच्या इथला एक कुडाळकर रजेवर निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पाकीट देतो. महिनाअखेरच्या रविवारी तू ओंकारला घेऊन माहेरी जाणार आहेस ना, तेव्हा पाकीट बरोबर ने आणि हे पत्र कॉम्प्युटरच्या टेबलावर उघडून ठेव.

सगळ्यात आधी एक गोष्ट. कुणी काहीही म्हणो, मशीन फॉरमॅट करू द्यायचं नाही. दुकानातला मुलगा येऊन पाच मिनिटांत सांगून गेला, ‘काका, फॉरमॅट मारू या, नाहीतर नवीनच घ्या.’ बाबा हो म्हणण्याच्या बेतात होते. त्या डिस्कवर बाबांची सात नाटकं आहेत गं. जत्रेसाठी लिहिलेली, निवृत्तीनंतर दुपारी दुपारी बसून टाइप केलेली. त्यातल्या दोन नाटकांच्या वह्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या, म्हणजे ती आता फक्त त्या पेटीत आहेत. मशीन गेलं तर दुसरं येईल. नाटकं गेली तर बाबांना या वयात पुन्हा लिहायला कोण लावणार?

आता दुखणं काय आहे ते. मी मे महिन्यात रजेवर होतो तेव्हाच लक्षण दिसलं होतं. लाइट गेली की कॉम्प्युटरचं घड्याळ थेट १ जानेवारी २००९ वर जायचं. मग बँकेची साइट उघडली की लाल इशारा यायचा आणि बाबा घाबरायचे, खात्याला कुणी हात लावला म्हणून. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनची तारीखच चुकली की चांगलं प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचं ठरतं. आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तो संपलाय. नवा पाकिटात घातलाय. मी तेव्हाच बदलायला हवा होता, उद्यावर ढकलला आणि रजा संपली, याचं मला वाईट वाटतं.

पाऊस लागल्यावर दुसरं सुरू झालं. स्क्रीन काळी आणि पेटीतून सारखी लांब बीप. काल आईला म्हटलं, फोन पेटीजवळ धर. तिने धरला आणि मला इथे स्पष्ट ऐकू आलं: लांब बीप, थोडं थांबून पुन्हा लांब बीप. अशी बीप बहुतेक वेळा रॅमची, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीची असते. आपल्याकडे पावसात भिंतीसुद्धा घाम सोडतात, तिथे रॅमच्या पट्टीच्या टोकांवर बारीक थर चढणारच. खर्च शून्य, फक्त खोडरबर लागेल. ओंकारच्या दप्तरातला पांढरा, मऊ घे.

मेन स्विच बंद करून वायर भिंतीतून काढायची, यूपीएसमधूनही. मग पेटीचं बटण दहा सेकंद दाबून धर, आत उरलेली वीज निघून जाते. डाव्या बाजूचं पान मागच्या दोन स्क्रूंवर आहे. उघडल्यावर आधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लाव, अंगातली स्थिर वीज उतरते. आणि मोबाइलने फोटो काढ, प्रत्येक वायर दिसेल असे. पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर असेल, मे महिन्यात मी एक काढलं होतं, ते हळूच खरवडून काढ. ज्या डब्यातून सगळ्या वायरी निघतात तो पॉवर सप्लाय मात्र अजिबात उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात बराच वेळ वीज साठलेली असते.

रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी सुटते. कडेला धरून सरळ वर काढ. खालच्या सोनेरी दातांवर काळपट छटा दिसेल. पट्टी कागदावर आडवी ठेव आणि खोडरबर दातांच्या दिशेने हलक्या हाताने फिरव, दोन्ही बाजूंनी. कण कोरड्या ब्रशने झटक. खाचेत तोंडाने फुंकर मारू नकोस, थुंकीची वाफ जाते. मग आधी एकच पट्टी बसव. तिची खाच आणि खाचेतला उंचवटा जुळला पाहिजे. दोन्ही खिट्ट्या आपोआप ‘टक्’ करून बंद होईपर्यंत दाबायची. इथे थोडा जोर लागतो, घाबरू नकोस. नाहीच चाललं तर ती काढून दुसरी लाव. दोन्हींपैकी कुठली आजारी आहे ते तसंच कळतं.

सेल बदलला की सुरुवातीच्या निळ्या स्क्रीनवर तारीख भरावी लागेल. तिथेच साटा मोड नावाची ओळ आहे, मशीनने डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारी. सेल मेल्यावर या सेटिंगा मूळपदावर जातात, आणि विंडोज ज्या मोडमध्ये बसवलं होतं त्यापेक्षा वेगळा मोड आला तर ते सुरू होता होता पडतं. लोक मग डिस्क खराब झाली म्हणतात आणि फॉरमॅट मारतात. आपल्या मशीनमध्ये एएचसीआय हा मोड हवा, मी मे महिन्यात पाहून ठेवलंय.

चालू झालं की बाकी काही न बघता कॉपी. पाकिटात दोन पेनड्राइव्ह आहेत, दोन्हींवर तेच. एक तू कुडाळला ने, एक आईच्या कपाटात. डिस्कमधून टकटक आवाज आला तर लगेच बंद करून मला कळव. दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्राम चालवू नकोस, मरायला टेकलेल्या डिस्कला तो झेपत नाही.

आणि बाबांचे फॉन्टही कॉपी कर. सी ड्राइव्ह, विंडोज, त्यात फॉन्ट्स. हे विसरू नकोस. बाबा जुन्या टाइपरायटरच्या हाताने लिहितात, म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीचा फॉन्ट धरला. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी कळांचेच संकेत साठतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी उमटावीत म्हणून ठरवलेल्या संकेतांत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण बाबांची नाटकं त्यात नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘सूत्रधार’ उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. वेळ मिळाला तर प्रत्येक नाटकाची पीडीएफही काढ, तिच्यात फॉन्ट सोबत बांधला जातो. युनिकोडमध्ये उतरवायचं काम मी इथे रात्री बसून करीन. जोडाक्षरं तुटतील, ती बाबांकडून फोनवर वाचून घेईन.

त्या मशीनवर बँक मात्र आता नको. विंडोज ७ ची सुरक्षा १४ जानेवारी २०२० लाच थांबली, आणि २०११ च्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. इंटरनेटची वायर काढून ठेव. बाबांना सांग, लिहायला हेच राहील, काही हिसकावून घेत नाही. नवी डिस्क मी डिसेंबरात जत्रेला येईन तेव्हा टाकू. पावसात ते प्लॅस्टिकचं झाकण घालू नका, आत ओल कोंडते. रोज तासभर चालू राहिलं तर स्वतःच्या उबेने कोरडं राहील.

सगळं नीट बसलं की लांब बीप बंद होऊन एकच बारीक ‘टुक्’ येईल. तो आला की मला लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी. आम्ही तुमच्या दीड तास मागे आहोत, मी जागाच असेन. आणि पहिली फाइल बाबांनाच उघडू दे.

प्रकाशरावांना नमस्कार, ओंकारला पापा.

तुझा,
दादा