छप्पर पत्र्याचं आहे, आई, पण तापत नाही

वॉरिकनाबील, व्हिक्टोरिया
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

दादा हे पत्र मोठ्या अक्षरात छापून आणेल. तरी बाबांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही. आई, तूच मोठ्याने वाच. फोनवर मी हे सांगायला घेतलं की बाबा "बरं, तब्येत सांभाळ" म्हणून फोन तुझ्या हातात देतात, तू गप्प होतेस, आणि माझं सांगणं राहून जातं. म्हणून लिहिते आहे.

आम्ही घर घेतलं. मेलबर्नला नाही, इथेच, वॉरिकनाबीलला. मेलबर्नच्या नोकरीला मी नकार कळवला. कागदांवर सह्या झाल्या आहेत, मार्चअखेर चावी मिळेल.

तुम्हाला काय वाटलं असेल ते मला इथे बसून कळतं. मेलबर्नला मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, सोनूला मराठीची शाळा मिळाली असती, विमानतळ जवळ पडला असता. आणि आई, तुला वाटत होतं की निदान तिथे तरी पोरगी माणसांत राहील. हे सगळं मी धरून बघितलं. तुमच्या शब्दाला किंमत नाही म्हणून घेतलेला हा निर्णय नाही, एवढं आधी मनात ठेव आणि मग पुढचं वाच.

घराचे फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत. त्यातलं छप्पर बघून तुझ्या पोटात गोळा आला असणार. हो, पत्रा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतरचं ते शेड मी विसरलेले नाही. दुपारी आतून पत्र्याला हात लावता यायचा नाही. तू वर तुराट्या टाकायचीस, मला ओल्या लुगड्यात गुंडाळून सारवलेल्या जमिनीवर निजवायचीस आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसायचीस. तुझा हात थांबला की मी डोळे उघडायचे, म्हणून तो अख्खा उन्हाळा तू दुपारची पाठ टेकली नाहीस. दादा सांगतो की मी लहान होते, मला काय आठवणार. मला तो पुठ्ठासुद्धा आठवतो, औषधाच्या खोक्याचा होता.

पण इथला पत्रा वेगळा, आई. त्याच्याखाली वीतभर जाडीची काचलोकरीची गादी अंथरलेली असते, खाली पक्कं छत असतं. ऊन वरच अडतं. इथे खेड्यापाड्यांत बहुतेक घरं पत्र्याचीच, आणि लोकांना तो हवाच असतो, कारण पावसाचं पाणी पत्र्यावरून पन्हाळीत आणि पन्हाळीतून अंगणातल्या टाकीत जातं. भिंती लाकडी फळ्यांच्या आहेत. माळवद नाही, अंगावर दगड-माती येईल असं घरात काही नाही. हॉलमध्ये एसी आहे, तुमच्या खोलीत वेगळा एसी आहे, आणि छपरावर पाण्यावर चालणारा मोठा कूलर आहे, त्याची गार हवा घरभर जाते. हवा कोरडी असल्याने तो इथे उत्तम चालतो. हो, तुमची खोली आहे. पूर्वेची. बाथरूम तिला लागून, कमोड बसता येईल असा उंच, आणि शॉवरजवळ धरायला दांडी बसवून घेणार आहे, तुझ्या गुडघ्यांसाठी. देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तुमचे जावई ज्या रुग्णालयात आहेत ते घरापासून चालत पाच मिनिटांवर.

आता आगीचं. बातम्यांत तुम्ही लिटल डेझर्टची आग बघितलीत आणि बाबांनी रात्री झोप घेतली नाही, हे मला वहिनीने सांगितलं. (तिला रागावू नका, मीच विचारलं होतं.) झालं ते खरं आहे. गेलं वर्ष कोरडं गेलं, त्यात डिसेंबरात वीज पडून ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात आग लागली, ७६,००० हेक्टरांहून जास्त रान जळालं, आणि जानेवारीअखेर लिटल डेझर्टचं जंगल पेटलं. डिंबूलाच्या लोकांना गाव सोडायला सांगितलं होतं. डिंबूला आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. आमच्याकडे धूर आला, वास आला, आग आली नाही. आमच्या गावाभोवती जंगल नाही, कापणी झालेली सपाट रानं आहेत. गवताची आग वेगाने पळते, पण ती लांबून दिसते आणि इथला प्रत्येक शेतकरी गाडीवर पाण्याची टाकी आणि पंप बांधूनच उन्हाळा काढतो. धोक्याच्या चार पायऱ्या असतात, रोज जाहीर होतात. सगळ्यात वरची पायरी जाहीर झाली की आम्ही आग लागायची वाट बघत नाही, सकाळीच सोनूला घेऊन हॉर्शमला, इथल्या जवळच्या मोठ्या गावाला, निघायचं असं ठरलेलं आहे. पिशवी दाराशी भरून ठेवली आहे: कागदपत्रं, औषधं, पाणी, लोकरीची पांघरुणं, सुती कपडे. तुझी पैठणीही त्यातच आहे.

आणखी एक गोष्ट, ती तुम्हाला दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. जावयांनी कंट्री फायर अथॉरिटीच्या इथल्या पथकात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आहे. घाबरू नका. आधी प्रशिक्षण असतं, ते पूर्ण झाल्याशिवाय कुणाला आगीवर पाठवत नाहीत. शिवाय ते नर्स आहेत, तेव्हा त्यांचं काम जास्त करून प्रथमोपचाराचं आणि वायरलेसजवळ बसायचं असेल. इथे खेड्यांत आग विझवणारे बहुतेक असे गावचेच लोक असतात, पगार न घेणारे. आपण गावात राहायचं आणि ते काम शेजाऱ्यांनी करायचं, हे त्यांना पटेना. बाबा, तुम्हालाही पटलं नसतं.

बाबा, आता तुमच्यासाठी शेतीचं. इथे वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. आपल्या औशापेक्षा निम्माच समजा. तेवढ्यावर हे लोक गहू, जव, मसूर, थोडा हरभरा काढतात, विहीर नाही, ठिबक नाही. कापणीनंतर धसकटं उभीच ठेवतात, नांगरट करत नाहीत, पुढची पेरणी त्याच धसकटांच्या ओळींमधून. तुम्ही म्हणाल, उन्हाळी नांगरटीशिवाय रान कसं तापणार. इथे रान उघडं पडलं की उडून जातं. शेजारच्या आजी सांगतात, १९८३च्या फेब्रुवारीत इकडची माती उठली आणि मेलबर्न शहरावर भरदुपारी अंधार झाला. त्यांच्या रानातलीही त्यात गेली. म्हणून आता माझ्या शेतीसल्ल्याच्या कामात मी रोज शेतकऱ्यांना हेच सांगत फिरते की मेंढरं धसकटांवर जास्त दिवस सोडू नका, जमिनीवरचं आवरण संपवू नका. ऐकायला सोपं आहे. चारा संपला असताना ते पाळणं फार अवघड आहे. चाऱ्याचे गठ्ठे लांबून ट्रकने येतात आणि भाव ऐकून माणसं मान खाली घालतात. काहींनी पैदाशीच्या मेंढ्याही विकल्या. शेततळी कोरडी आहेत. त्यात गेल्या सप्टेंबरात रात्रीचं दव गोठलं आणि फुलातली मसूर करपून गेली.

पिण्याच्या पाण्याचा मात्र त्रास नाही, हे दोघांनीही नीट ऐका. पूर्वी इथे डोंगरातल्या धरणांचं पाणी उघड्या चाऱ्यांनी यायचं, १७,५०० किलोमीटर चाऱ्या होत्या, आणि बहुतेक पाणी वाटेतच मुरायचं नाही तर उन्हाने उडायचं. ते सगळं बंद करून जवळजवळ ९,००० किलोमीटरची बंद नळयोजना केली, २०१० साली काम पुरं झालं. त्यामुळे एवढ्या कोरड्या वर्षातही आमच्या नळाला चोवीस तास पाणी आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा तू हंडे-कळश्या-पातेली सगळी भरून पलंगाखाली लावली होतीस. मी अजूनही झोपण्याआधी दोन बादल्या भरून ठेवते. जावई हसत नाहीत, ते आता स्वतःच भरतात.

हरभऱ्याचं बोलायचं राहिलं आहे, बाबा. गेल्या मे महिन्यात आपल्या सरकारने हरभऱ्यावरचं आयात शुल्क काढलं आणि ऑस्ट्रेलियाचा हरभरा जहाजं भरभरून तिकडे गेला. त्या आठवड्यात तुम्ही फोनवर मला काहीच बोलला नाहीत, फक्त सोनूची चौकशी केलीत. तो हरभरा बहुतेक क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सचा, आमच्याकडे मसूर जास्त. पण त्याने काय फरक पडतो, मीही याच धंद्यात आहे. तुमच्या मालाचा भाव पडावा म्हणून तुम्ही मला परभणीला शेतीचं शिकवलं नाहीत. हे मला टोचतं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच सांगते की इथला शेतकरीही भाव स्वतः ठरवत नाही. दिल्लीत शुल्क लागलं की तो बसतो आणि निघालं की तुम्ही बसता.

मग इथेच का, असं तुम्ही विचाराल. पगार मेलबर्नला जास्त होता, पण तिथल्या घराचा हप्ता त्याहून जास्त. सोनूची शाळा छोटी आहे, बाई प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात, टोपी नसेल तर मैदानात सोडत नाहीत. संध्याकाळी अख्खं गाव तरणतलावावर असतं, तो पोहायला शिकला. तूरडाळ, कणीक, मसाले हॉर्शमला मिळतात, फक्त ज्वारीचं पीठ मेलबर्नहून एकदम आणते, भाकरी आठवड्यातून चारदा तरी होते. मेलबर्न गाडीने चार तासांवर आहे, गणपतीला आम्ही जातोच.

पण ही सगळी वरवरची कारणं आहेत. खरं कारण आबाकाकांचं आहे. ते गेले त्या वर्षी आपल्या वाड्यात कृषी खात्याचं, बँकेचं, सोसायटीचं कुणी येऊन बसलं नव्हतं. आलं असतं तर काय झालं असतं, कुणाला ठाऊक. इथे माझं अर्धं काम रानात असतं आणि अर्धं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत. इथली माणसं मनातलं बोलत नाहीत, अगदी आपल्याकडच्यासारखीच. कर्जाच्या गोष्टीसाठी सरकारी खर्चाने मोफत सल्लागार मिळतो, पण त्याला फोन लावायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं. असल्या वर्षात मी गाव सोडून गेले असते तर ज्यांच्या टेबलाशी बसले त्यांना तोंड दाखवता आलं नसतं. बाबा, बहात्तरला पाझर तलावावर माती वाहून आल्यावर तुम्ही आज्जीला म्हणाला होतात की गाव सोडायचं नाही. ती गोष्ट मी तुमच्याच तोंडून किती वेळा ऐकली आहे.

आता माझं ऐकायचं. दोघांनीही, आणि "बघू" म्हणायचं नाही.

आपल्याकडे उन्हाळा सुरू होतोय. बाबांनी सकाळी नऊच्या आत रानातून घरी यायचं आणि पाच वाजेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. मोटार बंद पडली तर गड्याला पाठवा. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. उन्हात चक्कर येते का, हे मला खरं सांगायचं. आई, तू पाणी कमी पितेस, रात्री उठावं लागतं म्हणून. ते चालणार नाही. माठातलं पाणी दिवसभर थोडं थोडं पीत जा. कुरडया यंदा एकटीने करायच्या नाहीत, गच्चीवर चढायचं नाही, वहिनी करेल. कूलरच्या वाळ्याच्या जाळ्या बदलून घ्या, पैसे मी दादाकडे पाठवलेत. बाबांच्या पैशांतून करायचं नाही, पाठवलेल्यातूनच करायचं. आणि बाबा, पाकिटात घालून बी पाठवू नका. घेवड्याचंही नको, तुळशीचंही नको. इथे विमानतळावर आणि टपालात बियाण्याची फार कडक तपासणी असते, सगळं काढून नष्ट करतात. तुमच्या हातचं बी असं गेलेलं मला बघवणार नाही.

तुम्ही सप्टेंबरात या. डिसेंबर-जानेवारीत अजिबात नाही. सप्टेंबरात हवा गार असते, कॅनोला फुलतो, नजर पोचेल तिथपर्यंत पिवळं, आणि मसूर फुलावर येते. बाबांना मी रोज एका वेगळ्या रानात नेणार आहे. इथले शेतकरी तुम्हाला विचारायला टपले आहेत. धूळपेरणीचं मी त्यांना सांगितलं तेव्हापासून "तुझे वडील कधी येणार" हाच प्रश्न असतो, कारण एप्रिलमध्ये पाऊस आला नाही तर त्यांनाही कोरड्यातच पेरावं लागतं. आई, साप असतात का हे तू विचारशीलच, म्हणून सांगते: असतात, उन्हाळ्यात पाण्याजवळ येतात, आम्ही बूट आणि बॅटरीशिवाय अंगणात उतरत नाही, आणि रुग्णालय पाच मिनिटांवर आहे.

प्रवासाआधी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं पाहिजे. "सोयाबीन निघाल्यावर" हे कारण मी पुन्हा ऐकणार नाही. मार्चमध्ये करून घ्या, दादाने लातूरच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे, फक्त तारीख तुम्ही हो म्हणायची आहे. आईच्या पासपोर्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, ते आधी दुरुस्त करायला लागेल, नाहीतर व्हिसा अडेल. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला पेटीत तळाशी, बाबांच्या सात-बाराच्या फाइलखाली आहे.

पुढच्या रविवारी तुमच्या दुपारी एक वाजता फोन करते, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि सोनू जागा असतो. त्या वेळी बाबांनी फोन आईकडे द्यायचा नाही. घर घेतलं ते आवडलं नसेल तर तसं मला सांगा, मी ऐकून घेईन. ऑपरेशनची तारीखही तेव्हाच सांगा.

तुमची,
ताई