नागरमोथा बाईचा की पुरुषाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लाकूड आणि मसाल्यांच्या वासाच्या ‘युनिसेक्स’ परफ्यूमवर लेख आला होता. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून दोनदा वाचला. असा परफ्यूम कुणाला शोभतो हे सांगताना लेखात धाडसी, गूढ, रुबाबदार, चारचौघांत उठून दिसणारी व्यक्ती रंगवली होती. शेजारी काळ्या कोटातल्या तरुणाचा फोटो. मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. गेली सव्वीस वर्षं नवरात्र उठलं की घरी उटणं करते आणि ओळखीच्या घरांत देते. सियागंजाच्या घाऊक बाजारातून नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, आंबेहळद असं सगळं आणायचं, निवडायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, कुटायचं आणि वस्त्रगाळ करायचं. त्या पंधरा दिवसांत घरातल्या पडद्यांनासुद्धा तो वास लागतो. परफ्यूमचं शिक्षण मी घेतलेलं नाही, पण नाक या कामावर तयार झालेलं आहे.

नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या गवताच्या गाठी. आपल्या मध्य प्रदेशातही ओलसर जागी उगवतो. गाठ नुसती हातात घेतली तर फारसं काही कळत नाही. खलबत्त्यात पहिला घाव बसला की कोरड्या मुळांचा, थोडा धुरकट, थोडा मिऱ्यासारखा वास वर येतो. परदेशी परफ्यूमच्या माहितीत ‘सिप्रिओल’ असं भारदस्त नाव दिसतं ना, ते याच नागरमोथ्याचं तेल. अगरू, ज्याला आता सगळे ऊद म्हणतात, फार महाग. म्हणून त्याचा भास उभा करायला हे तेल वापरतात. ‘व्हेटिव्हर’ लिहिलेलं असतं तो आपला वाळा. तो शब्दसुद्धा मूळचा तमिळ. नरक चतुर्दशीला पहाटे हाच नागरमोथा आणि हाच वाळा आजोबांच्या पाठीला लागतो, सुनेच्या हाताला लागतो, न्हाणीघराबाहेर कुडकुडत उभ्या असलेल्या पोरांनाही लागतो. पुरुषांचं उटणं निराळं आणि बायकांचं निराळं असं आजवर कुणी माझ्याकडे मागितलेलं नाही. लग्नात दारात अत्तर लावतात तेव्हाही पुढे आलेल्या प्रत्येक हाताला एकाच कुपीतलं लागतं.

‘युनिसेक्स’ ही नवलाई म्हणून सांगितली जाते, तेही तितकंसं खरं नाही. पॅरिसच्या गेर्लाँ घराण्याचं ‘जिकी’ १८८९ साली निघालं, ते बायकांनीही लावलं आणि पुरुषांनीही. १९९४ मध्ये केल्विन क्लाइनच्या ‘सीके वन’ने एकच बाटली दोघांची म्हणून मोठा गाजावाजा केला, पण त्याचा वास लिंबाच्या कुळातला, हलका, ताजा. आणि आपल्या कनौजचं शमामा अत्तर तर या दोन्हींपेक्षा माझ्या विषयाच्या जवळचं. डेग म्हणजे तांब्याचा मोठा हंडा, त्यात जिन्नस आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे लांब मानेच्या भांड्यात, नेतात, आणि भपक्यात आधीपासून असलेल्या चंदनाच्या तेलात तो वास मुरतो. शमाम्यात मसाले, मुळं यांच्या जोडीला दगडफूलही असतं, म्हणजे आपण गोड्या मसाल्याला घालतो तेच. गोडा मसाला भाजताना दगडफूल कढईत पडल्यावर घरभर जो गहिरा वास सुटतो, तो ज्याला आवडतो त्याला हे परफ्यूम समजायला वेळ लागणार नाही.

आता मूळ मुद्दा, कुणाला शोभतो.

माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी त्याच्या काकांच्या साठीला अशी एक बाटली आणली. मिरे, वेलदोडा, जायफळ. त्याखाली देवदाराच्या कुळातलं लाकूड, वाळा आणि चंदन. आमचे भावजी मोटार वाइंडिंगचं काम करतात. दिवसभर तांब्याची तार आणि वॉर्निश. बोलणं मोजकं. मंडळाच्या गणपतीत ते कधी स्टेजवर दिसत नाहीत, पण कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला शेवटपर्यंत थांबतात. त्यांनी लाजत लाजत सकाळी दोन फवारे मारले आणि मी दिवसभर लक्ष ठेवलं.

साडेआठला मिरे आणि वेलदोडा एकदम पुढे आले, कुणी खोलीत पाऊल टाकून हाक मारावी तसे. एक सांगते, मिऱ्याचं तेल वाफेवर काढतात आणि मिऱ्याला तिखट करणारं पायपरिन त्या वाफेबरोबर येत नाही. त्यामुळे वासात तरतरी असते, झोंबणं नसतं. दहाच्या सुमारास जायफळ वर आलं आणि मिरे मागे सरले. दुपारी जेवायला आले तेव्हा पेन्सिलीला नुकतं टोक काढल्यावर येतो तसा लाकडाचा वास होता, आणि मी वाढायला वाकले तरच तो येत होता. संध्याकाळी शर्टाच्या कॉलरला चंदन आणि वाळा तेवढा उरला होता. लिंबू-संत्र्याच्या वासाचे रेणू हलके, ते झटकन उडतात. चंदनातलं सँटालॉल जड, ते रेंगाळतं. चंदनाच्या झाडातही तेल असतं ते गाभ्यात आणि मुळांत, आणि तो गाभा भरायला वर्षानुवर्षं लागतात.

हीच बाटली एका सकाळी आमच्या सूनबाईने लावली, तिची संपली होती म्हणून. ती बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. आवाज चढवत नाही, पण सळयांचं अंतर चुकलेलं तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि तिने ‘परत बांधा’ म्हटलं की मिस्त्री परत बांधतो. काकांच्या अंगावर जायफळ बराच वेळ पुढे होतं, तिच्या अंगावर वाळा लवकर वर आला. जणू वेगळी बाटली. त्वचा कुणाची कोरडी, कुणाची तेलकट, ऊबही कमी-जास्त, त्यामुळे एकच वास दोघांवर दोन वळणं घेतो. पण संध्याकाळी दोघंही चहाला बसली होती आणि मी मधे होते, तेव्हा दोन्हीकडून तेच चंदन येत होतं.

या दोघांपैकी कुणीही गूढ नाही आणि चारचौघांत उठून दिसणारं तर नाहीच. मला वाटतं हा वास शोभतो तो अशाच माणसांना. पहिल्या भेटीत थोडी करकरीत वाटणारी, आपलं म्हणणं दोन शब्दांत सांगून कामाला लागणारी, आणि दोन-चार भेटींनंतर ज्यांच्याजवळ बसावंसं वाटतं अशी. ज्यांना खोलीत शिरताच सगळ्यांनी वळून पाहावं असं वाटतं त्यांच्यासाठी गोड, फळांच्या वासाची भरपूर परफ्यूम आहेत, त्यांनी ती खुशाल लावावीत. लाकडाचा वास लांबवर हाका मारत नाही. त्याला जवळचं माणूस लागतं आणि वेळ लागतो.

वेळेचंच दुःख आहे. सूनबाईला स्वतःची बाटली हवी होती म्हणून आम्ही दोघी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिने बरोबर कपाट शोधलं, बाटली हातात घेतली, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘दीदी, ये जेंट्स में आता है, लेडीज उधर है.’’ बाटलीवर दोघांसाठी असल्याचं छापलेलं होतं, ते तिने दाखवलंही. त्याने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून तिच्या नाकाशी धरला आणि लगेच फुलांच्या वासाच्या तीन पट्ट्या पुढे केल्या. दोन मिनिटांत ठरवा, मागे गिऱ्हाईक उभं आहे. भिडेपोटी ती मोगऱ्याच्या वासाची बाटली घेऊन आली. चांगले पैसे गेले. ती बाटली आज कपाटात पडून आहे आणि सूनबाई अजून काकांचीच वापरते. साइटवर शंभर माणसांना काम सांगणारी मुलगी एका बाटलीसाठी गप्प बसली, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला शिकवलं तसं तो बोलला. पण इंदूरच्या दुकानदारांना माझी विनंती आहे की अशा बाटल्यांचं कपाट तरी वेगळं ठेवा, आणि गिऱ्हाइकाला मनगटावर लावून घरी जाऊ द्या. पहिल्या दहा मिनिटांत नुसता मसालाच कळतो. लाकूड कळायला दुपार उजाडावी लागते.

घेणाऱ्यांसाठी अनुभवाच्या दोन-चार गोष्टी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा ऊन मसाल्याला उचलून धरतं आणि डोकं दुखतं. एक फवारा पुरे. खरी मजा आता येईल, दिवाळीनंतर, माळव्याची रात्र गार व्हायला लागली की. लवंग-दालचिनीचे घटक काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, म्हणून नुकत्याच दाढी केलेल्या गालावर किंवा खरचटलेल्या जागी मारू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहावं. बाटलीवर ईडीपी (ओ द परफ्यूम) असेल तर साधारणपणे ईडीटीपेक्षा (ओ द टॉयलेट) सुगंधी तेलाचं प्रमाण जास्त, तेव्हा हात आखडता ठेवावा. ज्यात जिऱ्याचा वास ठळक असेल ते घेण्याआधी दहादा विचार करावा. जिरावन, म्हणजे आपला जिऱ्याचा चटकदार मसाला, पोह्यांवर कितीही छान लागलं तरी अंगावरचं जिरं घामासारखं येतं. आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत खायला जाताना तर काहीच लावू नये, तिथे नाक मोकळंच हवं.

चंदनाबद्दलही थोडं. आजच्या बहुतेक बाटल्यांत खऱ्या चंदनाऐवजी प्रयोगशाळेत बनवलेले त्याच्या वासाचे रेणू असतात. पूर्वी मला हे खटकायचं, आता नाही. भारतीय चंदनाचं झाड धोक्यात आलेल्या झाडांच्या जागतिक यादीत आहे. आपल्या मनगटासाठी एक झाड कमी तुटत असेल तर तो वास मला कमअस्सल वाटत नाही. देवघरातलं खोड सहाणेवर उगाळायला आहेच.

आपल्याला विनंती एवढीच की पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा वासाला कोट घालून पुरुष करू नका आणि पदर देऊन बाईही करू नका. त्यात काय काय आहे, सकाळी कसा येतो, संध्याकाळी कसा उरतो, ते लिहा. यंदाचा नागरमोथा कालच आणला आहे, गच्चीवर वाळतोय. लेख लिहिणाऱ्यांनी एखाद्या दुपारी यावं. खलबत्ता बाहेरच काढलेला आहे, पहिली गाठ त्यांनीच कुटावी.

आपली,
एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर