स्पिरिटची बाटली उचलून ठेवणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचे, म्हणजे पदविकेनंतरच्या पदवीचे, प्रमाणपत्र मागच्या आठवड्यात हाती आले, आणि पहिले पत्र तुम्हालाच लिहायचे हे तेव्हाच ठरले. ते उघडपणे लिहिते आहे, कारण जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून वर्षानुवर्षे वॉर्डात राबणाऱ्या आणि पुन्हा कॉलेजात जावे की जाऊ नये या विचारात असलेल्या परिचारिकांच्या इनचार्जनी तरी ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

२००९ साली साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून मी तुमच्या मेडिसिन वॉर्डात रुजू झाले. पदवीचा विषय पुढे कितीतरी वर्षांनी तुम्हीच काढलात. नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर व्हायची माझी इच्छा होती. त्यासाठी पदवी लागते हे ठाऊक असूनही मी घर, मुले आणि हप्ते यांची नावे सांगत राहिले होते. परिचर्या परिषदेकडील माझ्या नोंदणीचे पाच वर्षांनी करायचे नूतनीकरण राहून गेले आहे, हेही तुमच्याच लक्षात आले. मेट्रनबाईंकडे शब्द टाकून तुम्ही मला दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळवून दिलीत, आणि घर अगदीच अडू नये म्हणून शनिवारची रात्रपाळी माझ्या नावावर ठेवलीत. त्यामुळे काही सहकाऱ्यांची नाराजी तुम्हाला सोसावी लागली, हे मला बऱ्याच उशिरा समजले.

पहिले वर्ष जड गेले. बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजीची पुस्तके उघडली की आपण कधी शाळेत गेलो होतो याचीच शंका येई, आणि वर उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची. पण मला आभार मानायचे आहेत ते त्याच वर्षातल्या एका शनिवारच्या रात्रीसाठी.

बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारे दाबव्रण, टाळण्याचे धडे मी तुमच्याकडूनच घेतले होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, आणि टाच लाल दिसली तर अंगठ्याने दाबून सोडायची. दाबल्यावर फिकी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, लाली हललीच नाही तर खालचे मांस दुखावू लागले आहे. कॉलेजात हीच गोष्ट दाबव्रणाची पहिली पायरी म्हणून शिकवली गेली, तेव्हा वर्गात मला तुमचा अंगठा दिसत होता. मात्र त्याच तासाला हेही सांगितले गेले की लाल झालेल्या जागी चोळायचे नसते, कारण आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना त्याने अधिकच इजा होते, आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. आपल्या वॉर्डात तर सकाळच्या बॅक केअरला स्पिरिट लावून चोळणे आणि वर पावडर हा नेमच होता, आणि तो तुम्हीच घालून दिलेला होता.

तुम्हाला हे सांगायला मी दोन शनिवार घालवले. तिसऱ्या शनिवारी रात्री आठ वाजता तुम्ही चार्ज देऊन निघत असताना बोलले. तुम्ही चष्मा लावून माझे पुस्तक नर्सिंग स्टेशनच्या दिव्याखाली धरलेत, तो परिच्छेद दोनदा वाचलात, दुसऱ्या वेळी ओळीखाली बोट फिरवत, आणि एवढेच म्हणालात, "मग आजवर आपण चुकीचे करत होतो." सकाळी सगळ्या मुलींसमोर हँडओव्हरच्या वेळी ही चूक तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलीत आणि बॅक केअरच्या ट्रेमधली स्पिरिटची बाटली उचलून कपाटात ठेवलीत. माझे नाव घेतलेत, तेव्हा मला मान वर करवेना.

रजा, पाळ्या, कागदपत्रे ही मदत मोठीच होती. पण शिकून आलेल्या कनिष्ठ परिचारिकेचे वॉर्डात सहसा ऐकून घेतले जात नाही, "आता हिला शिंगे फुटली" असे म्हटले जाते, आणि मग दोन वर्षांचे शिक्षण वहीतच राहते. माझे तसे झाले नाही, ते तुमच्यामुळे. दुसऱ्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प निवडताना मी दाबव्रणाचा धोका गुणांनी मोजणारे ब्रेडन स्केल घेतले आणि आपल्याच वॉर्डात परवानगी मागितली, ती त्या रात्रीच्या बळावर.

आता मी पूर्णवेळ वॉर्डात परतले आहे. ब्रेडनचा तक्ता प्रत्येक नव्या रुग्णाच्या कागदांना जोडला जातो. २३ पैकी गुण जितके कमी तितका धोका जास्त, हे विद्यार्थिनींना लवकर पाठ होते. तक्ता भरण्याआधी टाचेवर अंगठा ठेवायला मात्र मी त्यांना लावते, आणि हे कोणी शिकवले तेही सांगते.

आपली नम्र,
तुमच्या वॉर्डातील एक परिचारिका