सॅम्युएल फेअरबँक आणि आपल्या मातीतल्या गोगलगायी : शंख-शिंपल्यांच्या संग्रहासाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

नेवासा तालुक्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाने जिल्ह्यातील जमिनीवरच्या व गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपले यांचा एक नोंदबद्ध, सर्वांना पाहता येईल असा संग्रह उभा करण्याचे ठरवले आहे. या कामासाठी पैसे, वस्तू, माहिती आणि श्रम अशा चारही प्रकारची मदत आम्हाला हवी आहे. ती कशासाठी आणि आमच्याच तालुक्याने हे काम का हाती घ्यावे, हे थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी.

वडाळा बहिरोबा हे गाव आणि तेथील मिशन आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे दीर्घकाळ काम केलेले रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक (1822–1898) हे मात्र गोगलगायींचे आणि शंखांचे अभ्यासक होते, ही गोष्ट तालुक्यातही फारच थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत जन्मलेले फेअरबँक 1846 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी मराठी मुलखात काढली. त्यांच्या मुलांनीही पुढे याच जिल्ह्यात मिशनचे काम केले. धर्मप्रसारक म्हणून त्यांच्या कार्याचे मूल्यमापन ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे करावे. आमचे वाचनालय कोणत्याही धर्मसंस्थेशी संलग्न नाही आणि हे आवाहनही त्या कार्याविषयी नाही. दूरदेशाहून आलेल्या एका माणसाने आपल्या पायाखालचे, आपण कधी वाकून न पाहिलेले जीव किती निगुतीने पाहिले, एवढ्यापुरताच आमचा विषय मर्यादित आहे.

पक्षिनिरीक्षकांना फेअरबँक हे नाव नवीन नाही. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी 1876 मध्ये आणि दक्षिणेतील पळणी डोंगरांतील पक्ष्यांची यादी 1877 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या पक्षीविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पळणी डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द आजही आहे. पण पक्षी डोळ्यांत भरतात आणि गोगलगायी भरत नाहीत, म्हणून त्यांच्या कामाचा दुसरा भाग मागे पडला. विल्यम ब्लॅनफर्ड हे भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील अधिकारी आणि भारतातल्या गोगलगायींचे त्या काळचे मोठे जाणकार. त्यांनी 1868 मध्ये मुंबईतल्या खाऱ्या चिखलात राहणाऱ्या, जेमतेम काही मिलिमीटर उंचीच्या एका गोगलगायीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती आधी माहीत असलेल्या कोणत्याच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जाती मिळून होणाऱ्या गटात) बसेना, म्हणून त्यांनी नवी प्रजाती स्थापून तिला ‘फेअरबँकिया’ हे नाव दिले, आणि मुंबईवरून जातीचे नाव ‘बॉम्बेयाना’ ठेवले. त्याआधी दोन वर्षे, 1866 मध्ये, ब्लॅनफर्ड यांनीच आणखी एका अतिसूक्ष्म गोगलगायीला ‘ओपिस्थोस्टोमा फेअरबँकी’ असे नाव दिले होते.

या दुसऱ्या गोगलगायीच्या कुळाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओपिस्थोस्टोमा प्रजातीचे शंख मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. साध्या डोळ्यांना तो मातीचा एक कण वाटतो, आणि भिंगाखाली धरला की त्यावरच्या बारीक, नियमित अंतराने उठलेल्या कडा दिसू लागतात. सर्वसाधारण गोगलगायीच्या शंखाचे वेढे शिखरापासून तोंडापर्यंत एकाच दिशेने वाढत जातात. इथे शेवटचा वेढा मध्येच मुख्य शंखापासून सुटतो, मागे वळतो आणि त्याचे तोंड उलटे शिखराच्या बाजूला येते. असे का होते, त्यातून त्या जिवाचा काय फायदा होतो, यावर अभ्यासक आजही विचार करीत आहेत. ओल्या पालापाचोळ्यात आणि दगडांच्या कपारीत राहणारा इतका लहान जीव शोधायचा तर माती चाळून, वाळवून, कागदावर पसरून एकेक कण पाहावा लागतो. दिवसभराची गावोगावची फिरती, शाळा, प्रवचने सांभाळून हे काम करणाऱ्या माणसाची चिकाटी काय असेल, हे ज्यांनी एकदा तरी अशी माती चाळली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

फेअरबँक यांनी जे पाहिले त्याला त्या काळी मोल आले, कारण ब्लॅनफर्ड यांच्यासारखे लोक देशभरच्या अशा हौशी अभ्यासकांकडून आलेले शंख एकमेकांशी ताडून पाहत होते. मृत गोगलगायीचा शंख वाळलेला, टिकाऊ आणि हलका असतो. तो कापसात गुंडाळून पाठवता येतो आणि शंभर वर्षांनीही त्याचा अभ्यास करता येतो. अट एवढीच, की त्याच्यासोबत तो कुठे आणि केव्हा मिळाला हे सांगणारी चिठ्ठी असली पाहिजे. चिठ्ठी हरवली की शास्त्राच्या दृष्टीने शंख मुका झाला. आपल्या घरोघरी काचेच्या भांड्यांत ठेवलेले शेकडो शंख-शिंपले याच कारणाने अभ्यासाला निरुपयोगी ठरतात.

सह्याद्रीच्या गोगलगायींचे महत्त्व जगाच्या अभ्यासकांनी केव्हाच ओळखले आहे. धबधब्यांच्या तुषारांनी सतत ओल्या राहणाऱ्या कड्यांवर ‘क्रेम्नोकाँकस’ नावाच्या गोगलगायी राहतात. त्यांचे जगभरचे सगळे सोयरे समुद्रात किंवा समुद्रकिनाऱ्यांवर असतात, आणि एवढी एकच शाखा सह्याद्रीच्या गोड्या पाण्यात वस्तीला आली. त्यांपैकी एका जातीला ब्लॅनफर्ड यांनी 1863 मध्ये सह्याद्रीचेच नाव दिले. त्यानंतर दीडशे वर्षांनी, 2013 मध्ये, भारतीय आणि ब्रिटिश अभ्यासकांनी मिळून याच प्रजातीतल्या अनेक नव्या जाती प्रसिद्ध केल्या. म्हणजे आपल्या डोंगरांत पाहण्यासारखे, नाव देण्यासारखे अजूनही शिल्लक आहे, आणि ते पाहणारी माणसे थोडी आहेत.

आता शेतकरी वाचकांसाठी. गोगलगाय म्हटले की आज आपल्याकडे पहिली आठवण होते ती सोयाबीनच्या नुकसानीची. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि आताच्या धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी कोवळी रोपे रातोरात फस्त केली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. ती भारतात आली तीही एका शंख-अभ्यासकाच्या हातून : विल्यम बेन्सन या सनदी अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी 1847 मध्ये कलकत्त्याच्या चौरंगी भागातील बागेत सोडल्या गेल्या, आणि तेथून त्यांचा प्रसार सुरू झाला. बेन्सन यांनी भारतातल्या कितीतरी गोगलगायींना नावे दिली, त्यांचे ते काम मोठेच आहे. पण एका कृतीचे परिणाम किती पिढ्यांना भोगावे लागतात हेही याच उदाहरणात दिसते. आपल्या मुलखातल्या बहुसंख्य देशी गोगलगायी पिकाला त्रास देत नाहीत. त्या कुजका पालापाचोळा, शेवाळ आणि बुरशी खातात आणि काही तर दुसऱ्या गोगलगायींनाच खातात. शंखी गोगलगाय कोणती आणि निरुपद्रवी देशी गोगलगाय कोणती हे बांधावर उभे राहून ओळखता आले, तर सरसकट विषारी गोळ्या टाकण्याची वेळ येणार नाही.

मेंढपाळांचाही या विषयाशी थेट संबंध आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात होणारे पर्णकृमी आपल्या वाढीचा एक टप्पा पाण्यातल्या ‘लिम्निया’ गटातल्या गोगलगायींच्या शरीरात काढतात. कोणत्या तळ्याकाठी, कोणत्या पाटाच्या कडेला या गोगलगायी आहेत हे माहीत असेल, तर कळप कुठे चारायचा आणि कुठे नाही हे ठरवता येते. माणसांच्या बाबतीतही असे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिम्वी या गावात लघवीतून रक्त जाण्याचा एक परोपजीवी आजार 1952 मध्ये डॉक्टरांनी नोंदवला होता आणि त्याचा माग पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगायीपर्यंत लागला होता.

प्रवरा आणि गोदावरी यांच्या संगमाचा, पुढे नाथसागराच्या फुगवट्याचा आपला हा परिसर गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांसाठी एके काळी समृद्ध होता. हे शिंपले वाळूत आणि गाळात अर्धे रुतून बसतात, पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातात आणि त्या ओघात नदीचे पाणी स्वच्छ करतात. वाळू उपसली की त्यांचे घरच जाते. जुन्या माणसांना नदीत पाय टाकताच शिंपले लागत असल्याचे आठवते. आजच्या शाळकरी मुलांना तो अनुभव नाही. पन्नास वर्षांपूर्वी इथे नेमक्या कोणत्या जाती होत्या, हे दाखवणारा एकही चिठ्ठीसह जपलेला नमुना आम्ही पाहिलेल्या शाळांत आम्हाला आढळला नाही. आता तरी तो ठेवला पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

योजना अशी आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची एक खोली या कामासाठी राखून ठेवली आहे. तेथे उथळ खणांची दोन पोलादी कपाटे बसवायची आहेत. लाकडी कपाटे स्वस्त पडली असती, पण लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा शंखातल्या चुन्यावर परिणाम करतात, शंखाची चमक जाऊन त्यावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत नमुना कायमचा खराब होतो. म्हणून पोलादाचा आग्रह आहे. बारीक शंख पाहण्यासाठी दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागेल. काचेच्या नळ्या, झाकणाच्या डब्या, न पिवळा पडणारा कागद आणि टिकाऊ शाई लागेल. शेवटी, तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत ठेवता येईल अशी सचित्र मराठी पुस्तिका छापायची आहे. कपाटांसाठी 90,000, सूक्ष्मदर्शकासाठी 60,000, इतर साहित्यासाठी 25,000 आणि पुस्तिकेसाठी 50,000 असा एकूण 2,25,000 रुपयांचा अंदाज आहे. पैकी 40,000 रुपये सभासदांनी आपसांत जमवले आहेत. उरलेल्या 1,85,000 रुपयांसाठी आम्ही आपल्याकडे येत आहोत. शासनाकडून मिळणारे परिरक्षण अनुदान ग्रंथ, नियतकालिके आणि सेवकांचे वेतन यांसाठी असते; त्यातला एक रुपयाही या कामाकडे वळवता येत नाही आणि वळवला जाणार नाही.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांच्या मदतीचे मोल आम्ही मुळीच कमी मानत नाही, किंबहुना काही गोष्टी पैशाने मिळणारच नाहीत. आपल्या शेतात, विहिरीच्या जुन्या चुनेगच्ची बांधकामात, ओढ्याकाठी रिकामे पडलेले शंख सापडले तर ते साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत आणि प्रत्येक जागेचे शंख वेगळ्या कागदात बांधून त्यावर गाव, शिवार किंवा गट, जागेचे वर्णन, तारीख आणि आपले नाव लिहावे. काही गोगलगायींच्या तोंडाला चकतीसारखे झाकण असते. ते सुटे झाले असेल तर त्याच पुडीत ठेवावे, कारण ओळख पटवताना त्याचा मोठा आधार होतो. जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. कोरड्या दिवसांत गोगलगायी शंखाचे तोंड बंद करून दगडाखाली किंवा मुळांशी दडून बसतात, त्यामुळे बंद तोंडाचा शंख रिकामा समजून उचलू नये. जिवंत गोगलगायी, शिंपले मारून पाठवू नयेत, ही कळकळीची विनंती. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा अन्य कोणत्याही अभयारण्यातून रिकामा शंखही आणू नये. नॉटिलससारख्या, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षण असलेल्या समुद्री जातींचे शंख आम्ही स्वीकारणार नाही. शंखी गोगलगाय मात्र कुठे दिसली तर शंखाची वाट न पाहता छायाचित्र आणि ठिकाण ताबडतोब कळवावे.

याशिवाय फेअरबँक यांच्या काळातील पत्रे, मिशनच्या जुन्या वह्या, ‘ज्ञानोदय’चे जुने अंक, वडाळा परिसराची जुनी छायाचित्रे कोणाच्या घरी असतील तर ती आम्हाला केवळ पाहण्यासाठी आणि प्रत काढण्यासाठी द्यावीत. मूळ वस्तू मालकाच्या समक्ष हाताळली जाईल आणि त्याच दिवशी परत केली जाईल. गोगलगायी आणि शिंपल्यांसाठी आपल्या वाडीवस्तीवर जी नावे चालतात तीही जरूर कळवावीत, विशेषतः धनगर आणि भोई समाजातील ज्येष्ठांनी. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ओळख पटवण्यासाठी वेळ द्यावा. ज्या नमुन्यांची ओळख आमच्याकडून पटणार नाही ते पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे मार्गदर्शनासाठी नेण्याचा आमचा विचार आहे. परदेशी असलेल्या मराठी बांधवांपैकी कोणाला अमेरिकेतील किंवा लंडनमधील संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत जाणे शक्य असेल, तर फेअरबँक यांच्या नावाने नोंदलेले शंख किंवा कागदपत्रे तेथे आहेत का, एवढे पाहून कळवले तरी आम्ही ऋणी राहू.

देणग्या वाचनालयाच्या नावे धनादेशाने किंवा बँकेत थेट जमा करून द्याव्यात. खात्याचा तपशील वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावला आहे आणि मागणी केल्यास लेखी पाठवला जाईल. रोख रक्कम फक्त वाचनालयात, पावती घेऊनच द्यावी. कोणालाही घरोघरी वर्गणी गोळा करण्याचा अधिकार दिलेला नाही. प्राप्तिकरातील सवलतीसाठी लागणारी 80-जी मान्यता आमच्याकडे सध्या नाही, हे आधीच स्पष्ट करतो. जमाखर्च दर तीन महिन्यांनी फलकावर लावला जाईल. रक्कम कमी पडल्यास प्रथम कपाटे, नंतर सूक्ष्मदर्शक आणि शेवटी पुस्तिका या क्रमाने खर्च होईल. शंख देणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्या शंखाच्या चिठ्ठीवर लिहिले जाईल, आणि देणगीदारांची नावे, त्यांची हरकत नसल्यास, संग्रहाच्या नोंदवहीत राहतील.

शंख आणि कागदपत्रे सोमवार सोडून इतर कोणत्याही दिवशी सकाळी 9 ते 11 किंवा सायंकाळी 5 ते 8 या वेळेत वाचनालयात स्वीकारली जातील. यंदाच्या पावसाळ्यातील नमुने दिवाळीपूर्वी पोहोचले, तर थंडीच्या महिन्यांत त्यांची नोंद पूर्ण करता येईल.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ आणि शंख-शिंपले संग्रह समिती,
सार्वजनिक वाचनालय, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर