वारबुर्ग यांना नोबेल कशाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत म्हटलं आहे की, साखर हे कर्करोगाचं खाद्य असल्याचं शोधून काढलं म्हणून जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना १९३१चं नोबेल मिळालं. सबब रुग्णाने साखर सोडावी. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्या घरात शिरलं होतं. वहिनींची केमो चालू होती. “वन्सं, नोबेलवाला माणूस उगाच सांगेल का?” म्हणत त्यांनी साखर तर सोडलीच, भात, पोळी, केळंही सोडलं. केमोच्या दुसऱ्या सायकलपर्यंत (फेरीपर्यंत) वजन ६ किलो उतरलं आणि पुढची सायकल लांबली. आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा सगळ्यांनाच फैलावर घेतलं. त्यात मी शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेली!

मग वारबुर्ग यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्यांना नोबेल मिळालं ते श्वसन-विकरासाठी (विकर म्हणजे एन्झाइम), म्हणजे पेशी ज्याच्या जोरावर ऑक्सिजन वापरते त्या लोहयुक्त विकराच्या शोधासाठी. कर्करोगावरचं काम वेगळं, आणि त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९०८ साली त्यांनी सी अर्चिन या समुद्री जीवाच्या अंड्यांवर प्रयोग केले होते. फलन झालं की अंड्याचा ऑक्सिजनचा वापर सहापटीपर्यंत वाढतो, असं दिसलं. वाढणारी पेशी जर इतका श्वास घेते, तर कर्करोगाच्या गाठीतली पेशी धापाच टाकत असणार, या अपेक्षेने १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये त्यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप मॅनोमीटरला, म्हणजे वायूचा दाब मोजणाऱ्या उपकरणाला, लावले. निघालं भलतंच. ऑक्सिजन मुबलक असूनही त्या पेशी ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बनवत होत्या. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे) जेमतेम २ रेणू हाती लागतात. तंतुकणिकांतून (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रं) पूर्ण ज्वलन झालं तर ३०च्या आसपास.

हे निरीक्षण आजही पक्कं आहे. पेट स्कॅनआधी वहिनींना टोचलं ते किरणोत्सारी ग्लुकोजसारखंच द्रव्य, आणि गाठ ग्लुकोज जास्त ओढते म्हणून तिच्या जागी ते चमकलं. वारबुर्ग घसरले ते निष्कर्षात. तंतुकणिकांचं श्वसन बिघडतं म्हणून कर्करोग होतो, हे मत त्यांनी १९५६ साली ‘सायन्स’मध्ये पुन्हा ठासून मांडलं आणि १९७०मध्ये निधन होईपर्यंत सोडलं नाही. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ सिडनी वाइनहाऊस यांनी १९५६मध्येच, त्याच नियतकालिकात त्यांना विरोध केला होता. बहुतेक गाठींतल्या तंतुकणिका व्यवस्थित श्वसन करतात. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेबरोबर नवी पेशी बांधायला कच्चा मालही लागतो, तो ती ग्लुकोजमधून काढते. ग्लुटामिन हे अमिनो आम्लही ती वापरते, म्हणजे नुसत्या साखरेवर तिचं अडत नाही. काही मोजक्या प्रकारांत मात्र तंतुकणिकेतलं विकर, उदाहरणार्थ सक्सिनेट डिहायड्रोजनेज, खरोखरच निकामी झालेलं आढळतं. म्हातारा अगदीच वाया गेला नव्हता!

राहिली साखर सोडण्याची गोष्ट. तोंडाने साखर बंद केली तरी रक्तातलं ग्लुकोज यकृत टिकवून धरतं, वेळ आली तर स्नायूंतली प्रथिनं मोडून. वहिनींचे दंड वाळले, गाठ होती तेवढीच होती. (मधुमेह असेल तर पथ्य वेगळं, ते डॉक्टरांनी ठरवायचं.) लेख लिहिणाऱ्याने एवढं तपासलं असतं, तर नोबेलचा शिक्का मारून हा सल्ला हजारो घरांत गेला नसता.

दुरुस्ती छापाल ती कोपऱ्यात नको, लेख होता तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. आणि पुरवणीत जागा उरली तर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवर लिहा. पेशीच्या श्वसनसाखळीतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यांनी १९३०च्या दशकात केंब्रिजमध्ये दाखवलं होतं. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण, हे तरी वाचकांना कळू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा